शब्दांचा लिलाव पुकारणारे सर

इंग्रजीचे सर म्हटल्यावर तुमच्या डोक्यात जो माणूस येऊन बसला असेल ना, त्याला आधी उठवा. टाय बांधून 'स्टुडंट्स' म्हणणारा असो, नाहीतर झब्बा घालून डोळे मिटून कविता म्हणणारा असो, दोघांना चहा पाजा आणि पाठवून द्या. आणि 'सरांनी पोराला इंग्रजी शिकवलं, पोरगा साहेब झाला, मग गाडी घेऊन पाया पडायला आला' असं काही वाचायला मिळेल म्हणून बसला असाल, तर तेही राहू द्या. मी साहेब बिहेब झालेलो नाही. सिन्नरला एका बँकेत काउंटरवर बसतो. आणि पाया पडायला गेलं की आमचे सर पाय मागे घेतात, म्हणतात, "उठ, पँट मळली गुडघ्याला."

आमचे सर विंचूरला कांद्याचा लिलाव पुकारायचे. वीस वर्षं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागायच्या, व्यापारी घोळक्याने एकेका ट्रॉलीपाशी यायचे, आणि सर मधे उभं राहून बोली पुकारायचे, एक वार, दोन वार, तीन वार. शिक्षण मात्र एम. ए. इंग्लिश. मास्तरकीसाठी जिथे जिथे अर्ज केले तिथून उत्तर आलं नाही, म्हणून बाजारात लागले आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये डिक्शनरी ठेवून वाचत बसले.

एकदा एका हमालाने विचारलं, "काय वाचता एवढं?" सरांनी त्याला शब्द सांगितला, 'फ्युटाइल', म्हणजे करून काही उपयोग नसलेलं काम. हमाल म्हणाला, "म्हणजे आमच्या मुकादमाला समजावून सांगणं." सर म्हणतात, त्या दिवसापर्यंत तो शब्द त्यांनी चाळीस वेळा वाचला होता. चाळीसही वेळा विसरले होते. हमालाने मुकादमाच्या गळ्यात टाकला, तेव्हापासून हलला नाही.

मग पन्नाशीला आल्यावर सरांनी बाजारातली नोकरी सोडली आणि नाशकात अशोक स्तंभाजवळ एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये वोकॅबचा, म्हणजे इंग्रजी शब्दांचा, तास घ्यायला लागले. मी देवळ्याहून आलेलो, बँकेची परीक्षा द्यायला. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो, तर आतून आवाज, "ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेट, हट्टी माणूस, कोणाचं काही न ऐकणारा, काय देतो, काय देतो, बोला." मला वाटलं मजला चुकला. खाली उतरून पाटी वाचून आलो.

तर पद्धत अशी. सर एक शब्द काढायचे आणि अर्थ सांगायचे. मग लिलाव. बोली लावायची ती स्वतःच्या आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगाची. प्रसंग तुमचा पाहिजे, घडलेला पाहिजे, आणि त्यातल्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. ज्याचा प्रसंग त्या शब्दाला नीट बसेल, त्याला शब्द विकला. मग तो शब्द त्याचा. बाकीच्यांनी वापरायचा असेल तर मालकाचं नाव घेऊन वापरायचा.

शब्द लिहिलेले असायचे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. सर कात्रीने पत्रिका कापून एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे. त्यामुळे तुम्ही घरी घेऊन आलेल्या कार्डाच्या एका बाजूला 'व्हल्नरेबल' असायचं आणि दुसऱ्या बाजूला चि. सौ. कां. कोणीतरी.

'ऑब्स्टिनेट' त्या दिवशी हर्षलने घेतला. हर्षल इगतपुरीचा, आणि त्याचे वडील रेल्वेत. इगतपुरीचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि हा माणूस छत्री घेत नाही. हर्षल म्हणाला, "पप्पा म्हणतात, छत्री घेतली म्हणजे आपण हरलो. चार महिने रोज भिजून घरी येतात. मम्मीने रेनकोट आणला तर तो त्यांनी सायकलच्या सीटला घातला."

सर लगेच विकायचे नाहीत. व्यापारी कांदा हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघतो ना, आतून नरम आहे का, तसं ते प्रसंग दाबून बघायचे. बारीकसा प्रश्न विचारायचे. "रेनकोटचा रंग कोणता?"

"पिवळा."

"सायकल कुठं उभी असती?"

"जिन्याखाली. तिथे पाऊस येतच नाही सर."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. हात वर केला, "एक वार. दोन वार." थांबले. "तीन वार. हर्षल, इगतपुरी." आणि कार्ड दिलं. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी हट्टीपणा केला की तो 'हर्षलचा ऑब्स्टिनेट'.

माझा पहिला शब्द 'ऑडेशियस'. म्हणजे अंगात भलतीच हिंमत असलेला. हा तर माझ्यासाठीच छापलाय असं म्हणून मी उठलो. मला आवाज काढता येतात, हे एव्हाना तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं, दहावीत असताना शाळेच्या माइकवरून हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली. अर्धी शाळा गेटबाहेर. हेडमास्तरसुद्धा पिशवी उचलून निघाले, त्यांना वाटलं आपणच बोललो.

सर म्हणाले, "पिशवीत काय होतं?"

मी म्हटलं, "डबा."

"कोणता डबा?"

"म्हणजे... स्टीलचा."

"वरचा थर खोटा हाय," सर म्हणाले. "पिशवी काढून टाक. खालचा माल चांगलाय, तेवढा घेतो." आणि विकला. हेडमास्तर त्या दिवशी देवळ्यात नव्हतेच, मालेगावला मीटिंगला गेले होते. सरांना ते कसं कळलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कोमलचा शब्दही सांगतो. तिची परवानगी काढलेली आहे. कोमल पेठच्या बाजूची, वर्गात सगळ्यात मागे बसायची. शब्द होता 'टॅसिटर्न', कमी बोलणारा. तिने हात वर केला तेव्हा आम्ही वळून बघितलं, कारण तीच शब्दाला जास्त शोभत होती. ती म्हणाली, "बाबा मला होस्टेलला सोडायला आले. बसमध्ये दोन तास शेजारी बसले, काही बोलले नाहीत. खोलीत सामान ठेवलं. जाताना फक्त विचारलं, पंखा चालू होतो का. बटण दाबून बघितलं आणि गेले."

सरांनी दाबून बघितलं. "पंखा झाला का चालू?"

"झाला. पण आवाज करत होता."

"मग?"

"पुढच्या रविवारी बाबा तेल घेऊन आले. स्टुलावर चढून पंख्यात सोडलं. चहा पण नाही घेतला."

त्या दिवशी सरांनी 'दोन वार' नंतर नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. परीक्षेत मला तो शब्द आला होता. चार पर्याय होते. मी पर्याय वाचायच्या आधीच मला पंख्याचा आवाज आला.

आता दुसऱ्या क्लासेसमध्ये काय चालायचं तर तीन हजार शब्दांची पीडीएफ. पोरं बसस्टॉपवर ओठ हलवत पाठ करायची. आमचे रोज पाच शब्द. कधी तीनच. कोणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "अर्थ पाठ करणारा पोरगा म्हणजे ट्रॉलीचा वरचाच कांदा बघून जाणारा व्यापारी. घरी जाऊन रडतो."

सरांची नक्कल मी पहिल्याच आठवड्यात बसवली होती. खांदा जरा वाकडा, डावा हात कानामागे, आवाज फुटलेल्या ढोलासारखा. एकदा तास सुरू व्हायच्या आधी मी वर्गात हर्षलचा बूट लिलावाला काढला होता. "बूट, बूट, इगतपुरीचा बूट, आत पाणी, बाहेर पाणी, काय देतो." पोरं बाकावर लोळत होती. मग एकदम कोणी हसेना. मी वळलो तर दारात सर.

मी बूट खाली ठेवला.

"थांबू नको," सर म्हणाले. "तिसरा वार झाला नाय. माल अर्ध्यावर सोडायचा नसतो."

मला त्यांच्यासमोर बूट विकावा लागला. कोमलने घेतला. मग सर जवळ आले आणि म्हणाले, "आवाज बरा काढतो. पण 'दोन वार' झाल्यावर मी श्वास घेतो. त्या श्वासात समोरचा विचार करतो, आपण खरं बोललो का. तू श्वासच घेतला नाय. म्हणजे तू आवाज ऐकला, लिलाव नाय ऐकला." आणि फळा पुसायला लागले. एवढंच. मला वाटलं सुटलो.

मार्चमध्ये सरांचा आवाज गेला. वीस वर्षं उन्हाधुळीत ओरडल्यावर जाणारच. घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर तोंड बंद ठेवायला सांगितलं, कुजबुजायलाही बंदी. सर गळ्यात दोरीने पाटी अडकवून यायला लागले, शाळेतली काळी पाटी, आणि खिशात खडू.

क्लासच्या मालकांना आम्ही डायरेक्टर म्हणायचो, कारण त्यांच्या दारावर तसं लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्यात आधी आकडा दिसायचा. त्यांनी सरांना आमच्यासमोरच सांगितलं, "सर, तुमच्या तासाला अकरा मुलं आहेत. रविवारी नवीन पोरांसाठी डेमोचा तास आहे. वीस नवीन नावं आली तर तास चालू. नाही आली तर मी पीडीएफ देऊन टाकतो पोरांना. आणि तुम्हाला बोलताही येत नाहीये, तुम्हीच सांगा."

सरांनी खडू खिशात ठेवला. पन्नाशीनंतर मिळालेली मास्तरकी होती ती. दुसरा क्लास त्यांना घेणार नव्हता, हे आम्हा अकरा जणांना माहीत होतं आणि त्यांनाही.

संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. पाटीवर लिहिलं, 'रविवारी तू बोल.' पुसलं. 'मी लिहीन ते वाच. माझ्या आवाजात.' पुसलं. 'इकडचं तिकडं नाय.'

मी म्हटलं, "सर, डोळे मिटले तर तुम्हालाच वाटेल तुमचा घसा बरा झाला."

रविवारी वर्ग गच्च. पोरं, त्यांचे आईवडील, मागे डायरेक्टर. सर खुर्चीवर, पाटी मांडीवर. शेजारी मी, खांदा वाकडा करून. पहिले दोन शब्द असे गेले की विचारू नका. लोक आधी दचकले, मग हसले, मग हात वर करायला लागले. एका काकांनी तर स्वतःच बोली लावून 'इम्पेशंट' विकत घेतला, बायकोला कार्ड दाखवलं. डायरेक्टर भिंतीला टेकून हसत होते. मी फॉर्मात होतो. एवढा फॉर्मात की मधेमधे मला वाटायला लागलं, सर कशाला पाहिजेत.

तिसरा शब्द सरांनी डब्याच्या तळातून काढला. 'मॅग्नॅनिमस'. हा आठ महिने विकला गेला नव्हता. अर्थ सांगायला सोपा, मोठ्या मनाचा. पण सरांना दानधर्माचे प्रसंग चालायचे नाहीत. ज्याचं नुकसान झालं, ज्याला टोचलं, आणि ज्याच्या हातात समोरच्याला धडा शिकवणं होतं, त्याने मन मोठं केलेलं पाहिजे. असा प्रसंग आमच्यापैकी कोणाकडे निघाला नव्हता. मी स्वतः दोनदा बनवून बघितला होता, दोन्ही वेळा सरांनी परत पाठवलं होतं.

पहिल्या बाकावर ओंकार नावाचा पोरगा होता, गंगापूर रोडचा, शेजारी त्याची आई. तो उठला. म्हणाला, "माझ्या काकांच्या गाडीला एका सायकलवाल्याने धडक दिली. दूधवाला होता. गाडीचं लय नुकसान झालं. लोक त्याला मारायला आले. पण काका म्हणाले, जाऊ द्या त्याला, गरीब माणूस आहे. उलट विचारलं, तुला लागलं का?"

त्याच्या आईने मान हलवली. मागून कोणीतरी 'वा' म्हणालं.

सरांनी पाटी माझ्याकडे वळवली. 'गाडी कोण चालवत होतं?'

मी वाचलं. मनात. समोर सत्तर माणसं खूश, डायरेक्टर खूश, आणि सर हा प्रश्न विचारून रंगाचा बेरंग करणार. पोरगा अडखळला असता, आई चिडली असती, नावं गेली असती, तास गेला असता. म्हणून मी तो प्रश्न गिळला. सरांच्या आवाजात म्हणालो, "एक वार दोन वार तीन वार, ओंकार, गंगापूर रोड." एका दमात. टाळ्या पडल्या. कार्ड सरांच्या हातात होतं. ते देईनात. मी ते त्यांच्या बोटांतून ओढून घेतलं आणि ओंकारला दिलं.

सत्तावीस नावं आली. डायरेक्टरांनी मला पाठीवर थाप मारली. हर्षलने मला खांद्यावर घेतलं आणि दारात माझं डोकं आपटलं. सर पाटी पालथी करून निघून गेले. मला वाटलं, भरून आलं असेल.

सोमवारी नवी बॅच बसली. डायरेक्टर मागच्या बाकावर कौतुकाने येऊन बसले. सर आले, ओंकारसमोर उभे राहिले आणि पाटी दाखवली. कालचाच प्रश्न. मग खडूने माझ्याकडे इशारा केला, वाच.

मी वाचला, त्यांच्या आवाजात. "गाडी कोण चालवत होतं?"

ओंकारने मागे डायरेक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आज शेजारी आई नव्हती. तो कार्डाच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"मी," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची गोष्ट. काका गाडीत नव्हतेच. मला न विचारता घेतली होती मी. म्हणजे त्यांना न विचारता."

सरांनी पाटीवर लिहिलं. मी वाचलं, "धडक कोणी दिली?"

"मीच. तो त्याच्या बाजूने चालला होता. सगळं दूध रस्त्यावर गेलं. त्याचा हात वाकडा झाला होता. लोक मला बाहेर ओढायला लागले, तर तो खाली बसल्या बसल्या म्हणाला, पोरगं आहे, घाबरलंय, जाऊ द्या. आणि मला विचारलं, तुला लागलं का रे."

डायरेक्टर उठून उभे राहिले होते, पण पुढे येत नव्हते.

सरांनी लिहिलं. मी वाचलं. "त्याचं नाव?"

"नाही विचारलं. मी पळून गेलो, सर."

सरांनी हात पुढे केला. ओंकारने कार्ड दिलं. सरांनी ते डब्यात ठेवलं, पण तळाशी ठेवलं नाही, सगळ्यात वर ठेवलं. मग लिहिलं, आणि मी वाचलं, "माल खरा हाय. नाव घेऊन ये. तोपर्यंत दुसऱ्या कोणाला देत नाय."

दुसऱ्या दिवशी दोन नवीन पोरं आली नाहीत. बाकीची आली, ओंकार तर पंधरा मिनिटं आधी. तास चालू राहिला. ओंकारने पुढे नाव आणलं का, कसं आणलं, ही गोष्ट त्याच्या मालकीची आहे. त्याला भेटाल तेव्हा विचारा.

माझ्या मालकीचं जे आहे ते सोमवारी तास सुटल्यावरचं. सगळे गेले. हर्षल आणि कोमल गेले नाहीत, कारण त्यांना वास लागला होता. सरांनी मला फळ्यासमोर उभं केलं. पाटी पुरणार नव्हती म्हणून मार्कर घेतला. मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फळ्यावर टकटक केलं. वाच.

मी माझ्या आवाजात सुरुवात केली. त्यांनी पुन्हा टकटक केलं, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. त्यांच्या आवाजात.

"गाढवा," मी वाचलं.

हर्षलला हसू फुटलं. सरांनी पुसलं आणि पुढचं लिहिलं. ते लिहीत गेले, मी वाचत गेलो.

"वीस वर्षं पुकारा केला. ढिगात हात घातल्याशिवाय एक ट्रॉली पुकारली नाय. काल माझ्या तोंडानं तू पुकारली."

"प्रश्न मी विचारला होता. तू गिळला. का?"

इथे त्यांनी मार्कर माझ्याकडे रोखला, म्हणजे उत्तर दे. मी म्हटलं, "सर, तास गेला असता. तुमचाच तास. मी वाचवला."

सरांनी सगळा फळा बाहीने पुसला. शर्ट काळा झाला.

"तास माझा होता. गेला असता तर माझा गेला असता. तुला कोणी सांगितलं वाचवायला?"

"त्या पोराच्या पोटात खरा माल होता. वर्षभर घेऊन फिरत होता. काल हात वर केला तो तेवढ्यासाठी. एक प्रश्न विचारला असता तर कालच निघाला असता. तू त्याला खोट्याच्या टाळ्या दिल्या. घरी जाऊन त्याला झोप लागली असेल का?"

हर्षल आता हसत नव्हता. कोमल खिडकीतून बाहेर बघत होती. मी सरांच्याच आवाजात मला बोलत होतो आणि आवाज चांगला लागला होता, हेच वाईट होतं.

सरांनी मार्कर झटकला, शाई संपत आली होती. शेवटची ओळ फिकट उमटली.

"मी तुला घसा दिला होता. डोकं नव्हतं दिलं."

हे मी जरा हळू वाचलं. सर मागच्या बाकापर्यंत चालत गेले, तिथे बसले, हात कानामागे धरला, आणि पाटीवर खडूने लिहून ती माझ्याकडे उंच केली.

'इथपर्यंत आलं नाय. परत वाच. पहिल्यापासून.'